बत्त्या वाचायला शिकवणारे अंबादासअण्णा

अंबादासअण्णा घरी आले की पहिली पंधरा मिनिटं कशालाही हात लावायचे नाहीत. चपला दारात, पिशवी गुडघ्याशी आणि फरशीवर मांडी. खुर्ची पुढे केली तर म्हणायचे, "नको, वर बसलं की खालचं दिसत न्हाय." आमचा राउटर टीव्हीखालच्या फळीवर होता. त्याच्याकडे ते नुसते बघत बसायचे, मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यासारखे. चहा आला की चहा प्यायचे आणि परत बघायचे. मी मुळातली उतावळी. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "अण्णा, एकदा बंद करून चालू करून बघू या का?" त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्यांच्या कुलदैवताला शिवी दिली.

"बंद करून चालू केलं की चालतंय, अम्मा. ते सगळ्यांनाच येतंय की. पण का बंद पडलं, ते कुटं गेलं? उद्या परत पडलं तर काय करणार? चोरी झाल्यावर पोलीस यायच्या आदी घर पुसून घेतल्यासारखं हाय हे."

मी त्यांच्या लेकीच्या वयाची, तरी मला ते अम्माच म्हणत. आईला अक्का. मातृभाषा तेलुगू, मराठी सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात शिकलेली, त्यामुळे बत्ती 'लागला' आणि राउटर 'लागली', दोन्ही एकाच वाक्यात. त्याचं त्यांना काही वाटायचं नाही आणि आम्हालाही नाही. निम्मं आयुष्य त्यांनी चादरीच्या कारखान्यात जॉबर म्हणून काढलेलं. जॉबर म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करणारा माणूस. कारखान्याला टाळं लागलं तेव्हा ते केबलवाल्याकडे लागले आणि गच्च्यांवरून वायरी ओढू लागले. पुढे त्याच वायरीतून इंटरनेट यायला लागलं, तसे अण्णाही त्याच्याबरोबर पुढे सरकले. कुठला कोर्स नाही की सर्टिफिकेट नाही. "माग काय आन् हे काय," म्हणायचे, "कापडावर डाग दिसतो, पण चूक कापडात नसतीया. कापडाकडनं मागं मागं जायचं. धागा कुटं तुटला ते सापडंस्तवर थांबायचं न्हाय."

आता माझं त्यांच्याशी काय काम, ते सांगते. मी चादरींवरची आणि टॉवेलवरची डिझाइन काढते. चौकटीत चौकट भरून मोर, कमळ, वेल काढायचे, आणि मागावर तेच उतरतं. लग्नाआधी सोलापुरात हेच करायचे. लग्न होऊन अकलूजला गेले आणि पंचाईत झाली. डिझाइनचं सॉफ्टवेअर माहेरच्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचं. त्याच्या मागे एक छोटी किल्ली खोचलेली, ती काढली की सगळं बंद. तो कॉम्प्युटर अकलूजला न्यावा तर कारखान्याची माणसं आमच्याच ओट्यावर यायची. माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या शेजारी बसून डिझाइन बघायची, सुताचे रंग पडद्याला लावून बघायची. कारखानदार काही उसाच्या गावाला येणार नव्हते. मग एकच वाट उरली. अकलूजच्या माझ्या लॅपटॉपवरून सोलापूरच्या कॉम्प्युटरमध्ये शिरायचं आणि तिथलं काम इथून करायचं.

सासरची माणसं वाईट नाहीत हो. सासूबाई म्हणाल्या, "जमतंय तवर कर की." पण ते 'जमतंय तवर' माझ्या काळजात रुतून बसलं होतं. एक कारखानदार तर तोंडावर म्हणाले होते, "बाई नांदायला गेली की काम गेलं. अकलूजात बसून सोलापूरची चादर व्हत न्हाय." खरं सांगते, नवीन घरात भांडी त्यांची, रीतभात त्यांची, आडनावसुद्धा त्यांचंच. माझं म्हणून काय उरलं होतं, तर हे एवढं काम. तेही एस.टी.ने तीन तासांवर असलेल्या एका राउटरवर लटकलेलं.

दोन पोरांनी बघून सांगितलं होतं की तुमच्या लाइनवर बाहेरून आत येता येत नाही, नाद सोडा. अण्णांनी नाद सोडला नाही. तीन दिवस येऊन बसले. चौथ्या दिवशी आम्हाला समजावलं, "ह्या कंपनीनं आख्ख्या गल्लीला मिळून एकच पत्ता दिलाय. पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी येतोय, कुणाचं पत्र ते त्याला कळत न्हाय, म्हणून परत जातोय. चूक तुमच्या घरात न्हाय. तुमच्या घराला स्वतःचा पत्ता पायजे." मग ते इंटरनेटवाल्याच्या ऑफिसात गेले. तिथला साहेब नाही म्हणाला. अण्णा तिथेही फरशीवर मांडी घालून बसले. भांडले नाहीत, काही बोलले नाहीत. दोन दिवस डबा घेऊन जात होते. तिसऱ्या दिवशी साहेबच कंटाळला आणि आमच्या घराला वेगळा पत्ता मिळाला.

त्या संध्याकाळी मी अकलूजच्या स्वयंपाकघरात ओट्यावर लॅपटॉप ठेवून बसले आणि पडद्यावर माझा सोलापूरचा पडदा आला. कोपऱ्यात मीच कधीतरी ठेवलेलं अर्धवट कमळ. तिकडे आप्पा फोनवर ओरडत होते, "अगं, बाण आपोआप हालाय लागलाय!" तेव्हापासून कारखान्याचा माणूस ओट्यावर बसून म्हणायचा, "ही पाकळी जरा बारकी करा की," आणि त्याच्या डोळ्यांदेखत पाकळी बारकी व्हायची. करणारी बाई इकडे अकलूजला कणीक मळता मळता हात धुऊन बसलेली असायची, ते त्याला कुठं दिसत होतं?

महिनाभर छान चाललं. मग रोज दुपारी साडेबाराला लाइन तुटायला लागली. अगदी घड्याळ लावल्यासारखी. दोन वाजता आपोआप परत यायची. मी अण्णांना फोन केला. त्यांनी एवढंच विचारलं, "किती वाजता म्हणालीस? साडेबारा?" आणि हसायला लागले. "आप्पांना बी घे फोनवर." आप्पा पण जुने कारखान्यातलेच. जेवणाच्या सुट्टीचा भोंगा झाला की मेन स्विच पाडायचा, ही चाळीस वर्षांची सवय. घरी बसून पण ते जेवायला उठताना कॉम्प्युटरचं बटण पाडत होते आणि दोन वाजता परत लावत होते. आम्हाला सांगितलंही नव्हतं, कारण त्यात सांगण्यासारखं काही आहे हेच त्यांना वाटलं नाही. अण्णांनी जागेवरून न उठता चूक शोधली. आप्पा ओशाळले, तर अण्णाच म्हणाले, "मी बी घरात पंखा बंद करतोय की साडेबाराला. मग उकडाय लागतंय आन् कळतंय."

चुकलेल्या माणसावर त्यांनी कधी आवाज चढवला नाही. पण दुसऱ्यानं चढवला तर मात्र त्यांना खपायचं नाही. आमच्या मागच्या गल्लीत एक रिटायर साहेब राहतात. त्यांची मुलगी परदेशातून घरच्या कॉम्प्युटरमध्ये येऊन त्यांची कागदपत्रं बघायची. ते एक दिवस बंद पडलं. अण्णा पोचायच्या आत साहेबांनी बायकोला धारेवर धरलं होतं, "हिनंच काहीतरी दाबलं असणार. झाडू मारताना वायरी ओढते." ती बिचारी पदर तोंडाला लावून उभी. अण्णांनी पंधरा मिनिटं बघितलं. मग कळलं ते असं की साहेबांनीच कसली तरी जाहिरात वाचून सुरक्षेचं एक नवीन सॉफ्टवेअर टाकून घेतलं होतं आणि त्यानं बाहेरची सगळी दारं लावून टाकली होती. अण्णा अगदी गोड आवाजात म्हणाले, "साहेब, कुलूप लई चांगलं लावलंय तुमी. चोर काय येत न्हाय आता. फक्त पोरगी बी भाईर ऱ्हायली." मग त्या बाईंकडे वळून म्हणाले, "अक्का, चहा तेवढा तुमच्या हातचा द्या. वायर तुमी ओढली न्हाय, ते मी लिहून देतो." ही गोष्ट त्या बाईंनीच आख्ख्या गल्लीत सांगितली. साहेब आठ दिवस फिरायला बाहेर पडले नाहीत.

पण मला अण्णांचं सगळ्यात काय आवडायचं, तर ते आपली विद्या दडपून ठेवायचे नाहीत. उलट मागे लागून शिकवायचे. माझी आई चौथी शिकलेली. तिला त्यांनी राउटरच्या बत्त्या वाचायला शिकवल्या. पहिली बत्ती म्हणजे घरात वीज आहे. दुसरी म्हणजे कंपनीची वायर आली. तिसरी म्हणजे जग आलं. चौथी लुकलुकली की कॉम्प्युटर बोलतोय. आई आधी म्हणाली, "मला मेलीला काय कळतंय त्यातलं!" अण्णा म्हणाले, "चुलीवरचं दूध कवा उतू जाणार ते कळतंय न्हवं? मग हे तर लई सोपं हाय. हे उतू जात न्हाय." पंधरा दिवसांत आई तयार. मी अकलूजहून फोन केला की ती विचारायच्या आधीच सांगायची, "पयली हाय, दुसरी हाय, तिसरी गेली बग. म्हंजे कंपनीचंच काय तरी झालंय. तू स्वयंपाक उरकून घे." एवढं शिकवल्यावर त्यांना बोलवायला येणार कोण? मी एकदा तसं म्हणालेही. तर म्हणाले, "बोलवंनात का. नुसतं गप्पा मारायला बोलवा की."

आणि हट्टी तर इतके, की विचारू नका. त्याचा प्रसाद मला एका खंडेनवमीला मिळाला.

त्या दसऱ्याला एक मोठा कारखाना नवीन चादर मागावर चढवणार होता. कारखानदार तेच, अकलूजात बसून चादर होत नाही म्हणणारे. महिनाभर मागे लागून मी ते काम मिळवलं होतं. दसऱ्याच्या सकाळी मुहूर्त, म्हणून डिझाइन आदल्या दिवशी पाच वाजेपर्यंत त्यांच्याकडे पोचायला हवं होतं. "पाच म्हंजे पाच. न्हाय तर माझ्याकडं दुसरं तयार हाय," त्यांनी बजावलं होतं. हे गेलं असतं तर बाकीच्यांनीही हेच म्हटलं असतं, बघा, आम्ही म्हणत होतो. आणि मग मला माझ्या सासूबाईंना सांगावं लागलं असतं की आता जमत नाही. माझी दोन फुलं भरायची राहिली होती. सकाळी लॅपटॉपला हळदकुंकू वाहिलं, देवाची माफी मागितली आणि कामाला बसले. अकरा वाजता पडदा काळा झाला.

आप्पा माढ्याकडे गावी, देवीच्या नवरात्राला गेलेले. घरी आई एकटी. मी फोन केला.

"आई, बत्त्या सांग."

"पयली हाय. दुसरी हाय. तिसरी न्हाय गं. पण आज कशाला बघायलीस तू? आज खंडेनवमी न्हवं का? मी पूजा केलीया त्याची. चांगलं पुसून, हळदकुंकू लावून, झेंडूचं फूल ठिवलंय."

"पुसलंस म्हणजे? ओलं केलंस?"

"ओलं कशाला करीन? शानी हाय मी. मागं एक बारकं भोक हाय बग, त्यात कुंकू गेलं हुतं. ते टाचणीनं काढलं. लई आत गेलं हुतं, दाबून धरावं लागलं."

ते भोक राउटरला सगळं विसरायला लावायचं असतं. त्यात टाचणी घालून दाबून धरलं की घराचा पत्ता, कंपनीचा पासवर्ड, मला आत घेणारं दार, सगळं पुसलं जातं. माझ्या आईनं भक्तिभावानं माझं कामच पुसून टाकलं होतं. तिला काय बोलणार? तिनं माझ्या हत्याराची पूजा केली होती.

अण्णांना फोन लावला. ते म्हणाले, "आज हत्यार धरत न्हाय मी, अम्मा. देवीपुढं ठेवलंय सगळं. पाना, पक्कड, लाइन तपासायचं मशीन बी. जॉबर झाल्यापासनं ह्या दिवशी कवा हात लावला न्हाय." मी रडले. रडले म्हणजे ओरडलेच, "अण्णा, माझं काम जाईल हो! परत कुणी देणार नाही मला!" मग त्यांनी विचारलं, "किती वाजेस्तवर?" मी म्हटलं, पाच. "बघतो," म्हणाले आणि फोन ठेवला.

अर्ध्या तासानं आईचा फोन आला. "अण्णा आल्यात. पण हात मागं बांधून हुबे हायत बाई." मी तिला फोनचा स्पीकर लावून टीव्हीच्या फळीवर ठेवायला सांगितलं आणि पुढचं सगळं मी कानांनी बघितलं.

"अक्का, कॉम्प्युटरच्या पुढं बसा."

"अगंबाई, मी न्हाय! म्या पुजलंय त्याला. आज हात लावायचा नसतोय."

"तुमचं हत्यार कुठलं, अक्का? विळी, पोळपाट, उलथनं. ती ऱ्हाऊ द्या देवापुढं, आज चपाती करू नका. हे हत्यार तुमचं न्हाय. माझं हाय, म्हणून मी धरत न्हाय. तुमी धरलं तर देवी काय म्हणत न्हाय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "आता काय करू सांगा."

माझ्या आईला इंग्रजी अक्षरं येत नाहीत. अण्णांना नंबर आणि पासवर्ड तोंडपाठ होते, पण ते तिच्या बोटांत कसे उतरवायचे? "वेटोळं घातलेला साप हुडका. सापडला? दाबा. आता खांब, त्याच्यावर आडवी फळी. दाबा. आता नुसतं गोल, भाकरीवाणी." आई प्रत्येक अक्षराला "हे का? हे का?" करत होती. एकदा चुकली आणि सगळं परत पहिल्यापासून करावं लागलं. दुसऱ्यांदा चुकली तेव्हा मी इकडे केस उपटायची बाकी होते. अण्णा मात्र जरासुद्धा घाईला आले नाहीत. "असू द्या, अक्का. साप जरा बारका दिसतोय, म्हणून चुकलं. परत." त्यांनी फक्त एकदाच चिडून आवाज केला, आणि तो माझ्यावर. मी मध्येच "आई, लवकर गं!" म्हणाले होते. "अम्मा, तू गप. फोन बंद करीन."

तीन वाजून गेले आणि तिसरी बत्ती लागली. साडेतीनला माझ्या पडद्यावर चौकट आली. पासवर्ड टाकला आणि माझी दोन रिकामी फुलं तशीच समोर उभी. मी किंचाळले, "आई, आलं!"

"कोण आलं गं?"

"मी! मी आले घरात!"

पावणेपाचला डिझाइन गेलं. दसऱ्याला ती चादर मागावर चढली. त्या कारखानदारांनी नंतर कौतुकाचा शब्द काढला नाही, फक्त विचारलं, "पुढचं कवा देता?" मला तेवढं पुरलं. अण्णांचे आभार मानायला गेले तर म्हणाले, "मी काय केलं? मी तर हात बी लावला न्हाय. अक्कांनी केलं." आणि आईनं ते खरं मानलं. आजही ती सांगते, "इंटरनेट मी लावलंय आमच्यातलं."

यंदा उन्हाळ्यात कळलं की अण्णा भिवंडीला मुलाकडे जाणार, कायमचे. बायको गेल्यापासून एकटेच राहत होते, गुडघे धरले होते, गच्चीवर चढवत नव्हतं. जायच्या आधी महिनाभर ते एकेका घरी जात होते. आमच्याकडे आले तेव्हा मी नेमकी सोलापुरात होते. नेहमीसारखी फरशीवर मांडी नाही, पहिल्यांदाच खुर्चीवर बसले. चहा झाल्यावर म्हणाले, "पासवर्ड बदल, अम्मा. आता, माझ्यासमोर."

मी म्हटलं, "कशाला? असू द्या की तुमच्याकडे. अडलं तर भिवंडीहून बघाल."

"त्याच्यासाठीच बदल म्हणतोय. मी गेलो तरी तुझ्या घराची किल्ली माझ्या डोक्यात कशाला पायजे? उद्या मी म्हातारा काय तरी बोलून बसलो कुणापाशी. आन् ह्या दारातनं तुझं काम येतंय-जातंय. ह्याची किल्ली तुझ्या एकटीकडं पायजे. माझ्याकडं न्हाय, तुझ्या बापाकडं बी न्हाय."

आप्पा शेजारी बसले होते, त्यांनी मान डोलावली. मी कॉम्प्युटरसमोर बसले. जुना पासवर्ड टाकला; तो अण्णांनीच ठेवलेला होता आणि इतकी वर्षं मी तोच टाकत आले होते. नव्याची चौकट उघडली. तेवढ्यात मागे खुर्ची वाजली. वळून बघितलं तर अण्णा गुडघ्यावर हात दाबत उठले होते आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले होते.

"अहो अण्णा, बसा की! तुम्ही बघितलं तर काय होतंय?"

"बोटं कुटं पडत्यात ते बघून बी मला कळतंय, अम्मा. तू टाक."

आमच्या त्या भिंतीवर काही नाही. कॅलेंडर नाही, फोटो नाही, नुसता उडालेला निळा रंग. शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखे ते त्या रंगाकडे बघत उभे होते, सदऱ्याची पाठ घामानं ओली. मी नवीन पासवर्ड टाकला. दुसऱ्यांदा टाकला. कॉम्प्युटरनं बदल झाल्याचं सांगितलं.

"झालं का गं?" अण्णांनी भिंतीकडेच बघत विचारलं.

"नाही अण्णा," मी म्हटलं, "थोडं राहिलंय अजून."